मुक्या गाडीचा हिवाळा

इथे टेक्ससमध्ये, शुगर लँडला, थंडी पडते ती पाहुण्यासारखी. दोन दिवस राहते, सगळ्यांची धावपळ करते आणि निघून जाते. परवा सकाळी मोटारीच्या काचेवर पांढरा थर दिसला. तो बघून मी दारातच थबकले. अकरा वर्षांची सई लायब्ररी कार्डाने तो खरवडत म्हणाली, "आई, इट्स जस्ट फ्रॉस्ट. रिलॅक्स!" मी मात्र वाकून टायर बघत होते. पांढरा रंग दिसला की माझी नजर अजून आधी टायरकडे जाते.

गेल्या रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हा बायकांचं आत चाललं होतं आणि बाहेर पुरुषमंडळी पेट्रोलच्या भावावर बोलत होती. कुणी काका सांगत होते, आता बॅटरीवरच्या गाड्या येणार, चार-दोन वर्षांत बघाल. मी तिळगुळाची वाटी घेऊन तिथूनच चालले होते. "आम्ही चालवलीय," मी म्हणून गेले. "बर्फात." सगळे हसले. विनोद केला असंच त्यांना वाटलं. विवेक, माझा नवरा, तेवढा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाटीतला एक लाडू उचलला.

दोन हजार एकचा तो हिवाळा. कॅलिफोर्नियात सांता क्लारातली विवेकची नोकरी उन्हाळ्यात गेली होती. व्हिसा टिकवायचा तर मिळेल ती नोकरी घेणं भाग होतं आणि ती मिळाली पार दुसऱ्या टोकाला, व्हरमाँटमध्ये, चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात. कारखान्यापासून लांब, डोंगरातल्या एका खेड्याबाहेर आम्ही भाड्याने घर घेतलं. घरमालक वॉल्टर, शाळेत वर्कशॉप शिकवून निवृत्त झालेला. घरामागच्या गोठ्यात त्याने स्वतःच्या हाताने केलेली एक गाडी होती. जुन्या, लहानशा गाडीतलं इंजिन काढून त्याने तिथे विजेची मोटर बसवली होती. बॉनेटखाली आणि मागे डिकीत ट्रकच्या असतात तशा बॅटऱ्यांच्या रांगा. हिवाळ्यात तो फ्लोरिडाला जायचा. जाताना विवेकच्या हातात किल्ली देत म्हणाला, "चालवत राहा. बॅटऱ्यांना नुसतं बसवून ठेवलं की त्या मरतात. माणसांसारखंच."

विवेक इलेक्ट्रिकल इंजिनियर. त्याला लॉटरी लागल्यासारखं झालं. मला नाही झालं. मी नागपूरची, आणि माझ्या आईची मुलगी. दूध तापवण्याआधी हुंगायचं, नारळ कानाशी धरून हलवायचा, भाजीवाल्याने वर मांडलेली वांगी सोडून खालची काढायची, हे माझं शिक्षण. कुणी एखादी गोष्ट न मागता दिली की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्या थंडीत खरी पाल एकही नव्हती; मनातली मात्र हिवाळाभर गप्प बसली नाही.

पहिला संशय गाडीच्या गप्प बसण्याचा. किल्ली फिरवली तरी काही होत नसे. ना थरथर, ना घरघर. चालू आहे की बंद, ते एका काट्यावरून ओळखायचं. आवाजाशिवाय पुढे सरकणाऱ्या वस्तूवर माणसाने विश्वास तरी कसा ठेवायचा? दुसरा संशय डिकीतल्या बॅटऱ्यांचा. त्यांच्यात तेजाब होतं, त्यांच्यावर प्लायवूडचं झाकण होतं आणि झाकणाच्या अलीकडे, मागच्या सीटवर, माझी पाच वर्षांची मुलगी. आणि तिसरा संशय टायरचा.

"स्नो टायर नकोत?" मी विचारलं होतं.

"अगं, ऑल सीझन आहेत. बघ, लिहिलंय. ऑल सीझन म्हणजे सगळे सीझन."

"डब्यावर शुद्ध तूपही लिहिलेलं असतं," मी म्हटलं.

पण पर्याय नव्हता. आमची दुसरी गाडी विवेक कारखान्यात न्यायचा. सईची शाळा अर्ध्या दिवसाची. सकाळी पिवळी बस घेऊन जायची, दुपारी मात्र आपण आणायचं. रोज भर दुपारी मी त्या मुक्या गाडीत बसून निघायची. वॉल्टरने एक छोटा हीटर बसवला होता, पण तो लावला की बॅटरीचा काटा उतरणीला लागायचा. थंडीत त्या बॅटऱ्या तशाही अर्ध्याच जागत. म्हणून हीटर बंद. अंगात दोन स्वेटर, वर कोट, मांडीवर आईने शिवलेली गोधडी. श्वासाने काच आतून धुरकट व्हायची. एका हाताने चाक धरायचं, दुसऱ्या हातातल्या फडक्याने बघण्यापुरतं भोक पुसायचं. त्या भोकातून मी व्हरमाँट पाहिलं. पांढऱ्या टेकड्या, लाल गोठे, मेपलची काळी झाडं, आणि अचानक रस्त्याच्या मधोमध उभं राहिलेलं हरिण. गाडीचा आवाज नाही, म्हणून ते हलायचंच नाही. काचेच्या भोकातून आम्ही एकमेकींना निरखायचो.

त्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक माणूस चाकावरचं एक बोट उचलतो. नमस्काराची तिथली पद्धत. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्यानंतर त्या बोटाकडेही मी संशयाने पाहायला लागले. देशात जे झालं होतं ते झालं होतं, आणि आमचे चेहरे तर टीव्हीवर रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांच्याच रंगाचे. हे बोट मला ओळख देतंय, की मोजतंय? कुणी उचललं नाही की दिवसभर तेच डोक्यात. कुणी उचललं, तर तेही.

माझ्या मागे रोज एक गाडी असायची. जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन, टपावर पिवळा लुकलुकणारा दिवा. टपाल वाटणारी जॉइस. साठीच्या आसपासची, पुरुषी अंगाची बाई. ती स्वतःच्याच गाडीतून टपाल वाटायची आणि विचित्र बसायची: चाक तिथल्या पद्धतीने डावीकडे, पण स्वतः उजव्या सीटवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पेट्यांत हात घालता येईल, डावा पाय लांबवून पेडलवर, डावा हात चाकावर. शाळेच्या वाटेवर तो पिवळा दिवा माझ्या आरशात यायचा आणि जायचा. तिचा रूट होता तो, मला माहीत होतं. तरी तो आरशात आला की माझी मान ताठ व्हायची.

नोव्हेंबरात आईचं पार्सल आलं. मांजरपाटात शिवलेलं, शाईने पत्ता घातलेलं, सुईच्या टाक्यांवर लाखेचे ठिपके. दिवाळीचं म्हणून पाठवलेलं, दिवाळी झाल्यावर पोचलेलं. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते आमच्या टपालपेटीखाली बर्फावर एकटं पडलं होतं. जॉइसची गाडी बरीच लांब उभी होती, आणि तिच्याही मागे पोलिसांची. मी शाल ओढून बाहेर आले तर पोलीस हात वर करून म्हणाला, "तिथेच थांबा, मॅम."

पार्सलच्या एका कोपऱ्यातून पिवळी पूड सांडली होती. बर्फावर ती किती पिवळी दिसत होती! त्या शरदात कुठे कुठे टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची विषारी पावडर आली होती, टपाल हाताळणारी माणसंही मेली होती. हे मलाही ठाऊक होतं. पण ते मेतकूट आहे हे मला दिसत होतं आणि त्याला दिसत नव्हतं.

"हे तुमचं आहे?"

"माझ्या आईने पाठवलंय."

"यात काय आहे?"

मेतकूट इंग्रजीत कसं सांगायचं? "भाजलेल्या डाळी... तांदूळ... त्यांची पावडर," मी म्हटलं, आणि पावडर म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. मग मला काय झालं कोण जाणे. तो नको नको म्हणत असताना मी चार पावलं पुढे गेले, वाकले, बोट त्या पुडीत बुडवलं आणि चाटलं. हिंग, मेथी, सुंठ. आईच्या स्वयंपाकघराचा तो वास व्हरमाँटच्या उघड्या थंडीत माझ्या जिभेवर आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. मी कोसळते का, हे बघत असावा.

मग म्हणाला, "तुमची ती गाडीही बघायची आहे. आवाज न करणारी. तिच्यात वायरी आहेत असं कळलंय."

कुणाकडून कळलंय, हे विचारायची गरज नव्हती. मी डिकी उघडली. प्लायवूडचं झाकण उचललं. बॅटऱ्यांची रांग आणि तिच्यावरून गेलेल्या जाडजूड वायरी त्याच्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि मलाही त्या पहिल्यांदाच भयंकर दिसल्या. त्याने फ्लोरिडाला वॉल्टरला फोन लावला. वॉल्टरचं खो खो हसणं मला फोनमधून ऐकू आलं. पोलीस हसला नाही. आमची नावं, व्हिसाचे कागद नीट पाहून, "हॅव अ गुड डे, मॅम," म्हणून तो गेला. जॉइस एवढा वेळ गाडीतच बसून होती. तीही गेली.

संध्याकाळी विवेकने सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा विचारलं ते, "चाटलंस कशाला?"

"मग काय करायला हवं होतं?"

तो म्हणाला, "ती गाडी बंद करू. कशाला डोळ्यांवर यायचं? उद्या कुणी कारखान्यात काही कळवलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली की व्हिसा." त्याचं खरं होतं. त्याचा गाडीवरचा जीव असा एका दुपारीत उडालेला पाहून मला वाईट वाटलं. "आणि सईला कोण आणणार?" मी विचारलं. ज्या गाडीवर मी कधी विश्वास टाकला नाही, तिच्या बाजूने मीच भांडले. दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले तेव्हा आरशात पिवळा दिवा होता. मी मुद्दाम हळू चालवलं. दिवाही हळू झाला.

जानेवारीत आमच्या आणि शाळेच्या मधल्या उतारावर ती वेळ आली. त्या उताराच्या तळाशी ओढा होता. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की इंजिनच गाडीला थोडं मागे ओढून धरतं. आमच्या गाडीत तसं धरणारं काहीच नव्हतं; पाय उचलला तरी ती तशीच घरंगळायची, मागच्या बॅटऱ्यांचं ओझं पाठीवर घेऊन. वेग कमी करायला ब्रेक एवढाच उपाय. त्या दिवशी ताज्या बर्फाखाली जुना बर्फ काचेसारखा झाला होता. सईला घेऊन मी परतत होते. ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी माझी राहिली नाही.

आवाज नव्हता, हे सगळ्यात वाईट. किंचाळलेला टायर नाही, काही नाही. गाडीचं मागचं अंग हळूच पुढे यायला लागलं, झाडं काचेसमोरून आडवी सरकली, मी चाक फिरवत होते आणि चाकाचा रस्त्याशी काही संबंध उरला नव्हता. मग धप्प. पुढचं एक चाक चरात, गाडी तिरकी, काचेवर बर्फाचा ढीग. ओढा अजून थोडा खाली होता.

"आई," मागून आवाज आला, "डू इट अगेन."

मी तिला तिच्या पट्ट्यांच्या छोट्या सीटसकट बाहेर ओढलं. डिकीकडे बघायचा धीर होईना. तेजाब सांडलं असेल, ठिणगी पडेल, काय काय डोक्यात आलं. मोबाइलला त्या डोंगरात रेंज कुठली? गोधडीत सईला गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आणि मग वरच्या वळणावर पिवळा दिवा दिसला.

ती लांबच थांबली. अगदी नोव्हेंबरातल्यासारखी. काचेआडून बघत राहिली. मला वाटलं, ही आता परत फिरणार आणि फोन करणार. मग दार उघडलं आणि जॉइस फावडं घेऊन उतरली.

"कुणाला लागलंय?"

"नाही."

"त्यातून काही गळतंय?"

"माहीत नाही."

"मग मुलीला घेऊन आणखी लांब हो." ती स्वतः गाडीभोवती फिरली, वाकून पाहिलं, हुंगलं. हो, हुंगलं. मग चाकावरचा बर्फ फावड्याने झाडून टायरकडे पाहत म्हणाली, "ऑल सीझन! फ्लोरिडातले सगळे सीझन. वॉल्टर या रस्त्यावर जानेवारीत कधी गाडी काढत नाही, हे सांगितलं नाही वाटतं त्याने."

तिने फावडं बर्फात रोवलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "पोलिसांना मीच फोन केला होता. पार्सलसाठी. गाडीचंही मीच सांगितलं."

"मला संशय होता."

"आता खात्री झाली. आणि परत तसंच पार्सल आलं, तर पुन्हा फोन करीन."

मला राग यायला हवा होता. पण समोर उभी असलेली बाई आत्ताच माझी गाडी हुंगून आली होती. तशीच हुंगणारी एक बाई नागपुरात होती आणि दुसरी मी. "तुझ्या जागी मीही केला असता," मी म्हटलं. ते खरं होतं.

"चला, बसा," ती म्हणाली. "पण मला रूट पुरा करावा लागेल. टपाल थांबत नाही."

मागच्या सीटवरची टपालाची खोकी एकावर एक चढवून तिने सईची सीट बसवली. आज ती माणसासारखी डाव्या बाजूला बसली, म्हणजे उजवी सीट माझ्याकडे आली, आणि मांडीवर पत्रांचं खोकं. "आता पेट्या तुझ्या बाजूला आहेत. मी नाव सांगते, तू टाक. असं करायची परवानगी नाही, तेव्हा कुणाला सांगू नकोस." तिने खिशातून रबरी हातमोज्यांची एक जोडी काढून दिली. तिच्या हातात तसेच होते.

असं मी त्या दुपारी आमच्या सगळ्या रस्त्याचं टपाल वाटलं. ज्या दारांसमोरून मी हिवाळाभर मान ताठ करून गेले होते, त्या प्रत्येक दाराची पेटी उघडली. बियाण्यांचे रंगीत कॅटलॉग, चर्चची पत्रकं, औषधांची पाकिटं, सैन्यातल्या मुलाने घरी पाठवलेलं पत्र. खिडक्यांचे पडदे हलत होते. पार्सलची गोष्ट साऱ्या रस्त्याला ठाऊक होती, आणि आता तीच पार्सलवाली बाई त्यांच्या पेटीत हात घालत होती.

एका फाटकाशी एक म्हातारा वाटच बघत उभा होता. मी पाकिटं पुढे केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जॉइसकडे. "नवीन माणूस?"

"आजच्यापुरतं," जॉइस म्हणाली.

त्याने पाकिटं घेतली नाहीत. पेटीकडे बोट दाखवलं. मी ती पेटीत टाकली. गाडी पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं तर तो मोज्यातल्या दोन बोटांच्या चिमटीने एकेक पाकीट बाहेर काढत होता. माझे कान तापले. "हा माणूस..." मी म्हणाले.

"माझ्याकडूनही तो तसंच घेतो," जॉइस म्हणाली. "ऑक्टोबरपासून. तीस वर्षं ओळखतोय मला." वायपर एका बाजूला करकरत होता. "माझ्या मुलीला सप्टेंबरात बाळ झालं. मी कामावरून गेले की ती मला कोपरापर्यंत हात धुवायला लावते, कपडे बदलायला लावते. मग बाळ देते. तेही नेहमी नाही." मी तिच्या हातांकडे पाहिलं. चाकावर त्या पातळ रबरातून तिची जाड, लाल बोटं दिसत होती. मागे सई झोपली होती, खोक्यावर डोकं टेकून.

आमच्या दाराशी उतरताना मी तिला चहाला बोलावलं. ती नको म्हणाली. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. एक दिवा फुटला होता, बाकी काही नाही. बॅटऱ्या जागच्या जागी होत्या. विवेकने त्याच दिवशी स्नो टायर सांगितले. तेवढे लहान टायर गावातल्या गॅरेजात नव्हते. मागवावे लागतील, वेळ लागेल म्हणाले. वेळ चांगलाच लागला. तोवर शाळा सुरूच होती, आणि मला पुन्हा त्या उतारावरून जायचंच होतं. पहिल्या दिवशी उताराच्या माथ्यावर गाडी बाजूला घेतली आणि थांबले. पिवळा दिवा आला, माझ्याजवळ मंदावला, मग पुढे गेला. तिच्या जड गाडीने ताजा बर्फ दाबून दोन पट्टे पाडले. त्या पट्ट्यांत मी माझी चाकं घातली आणि हळूहळू तिच्या मागे उतरले. घसरले नाही.

मग रोज तसंच. माथ्यावर थांबायचं, तिला पुढे जाऊ द्यायचं, तिच्या चाकोरीतून उतरायचं. तिच्या आरशात मला तिचे डोळे दिसायचे. त्यांत माया होती असं म्हणायला मी धजणार नाही. फक्त ते बघत असायचे.

मार्चमध्ये, रस्त्यावर बर्फाचा चिखल झालेला असताना, एका दुपारी उताराच्या तळाशी ती थांबली. मीही थांबले. तिने काच खाली केली, मी काच खाली केली. थंड हवा आणि ओढ्याचा आवाज आत आला; बर्फाखालून ओढा वाहायला लागला होता.

"लोक विचारतात," जॉइस म्हणाली, "ती बाई रोज तुझ्या मागे मागे का असते?"

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, मी लक्ष ठेवून आहे तिच्यावर."

ती हे कशा अर्थाने म्हणाली, मी तिच्या चेहऱ्यावरून शोधायचा प्रयत्न केला. नाही सापडला.

"ठेव," मी म्हटलं, आणि ती निघायची वाट पाहत थांबले.